घरचें भांडण आणि मुलाची भरती

पहांटेच्या वेळीं चिखली, मेहकर किंवा देऊळगांव राजा यांच्या बाजूच्या कोणत्याही रस्त्यानें जाणाऱ्यास धांवणारे तरुण हटकून दिसतात. कोणी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत धांवत असतो, तर कोणी शाळेच्या मैदानावरील लोखंडी दांड्यास लोंबकळून अंग वर ओढण्याचा सराव करीत असतो. यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें सैन्याची किंवा पोलिसाची भरती असते. छाती किती फुगली, १६०० मीटर किती वेळांत संपले, याचा हिशेब ते रोज ठेवितात. परंतु या सर्व तयारींत एका गोष्टीचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. आणि ती गोष्ट पुष्कळदां त्या मुलाच्या हातीं नसून घरांतील वडील माणसांच्या हातीं असते. ती म्हणजे पोलिसांच्या कागदावर मुलाचें नांव येणें ही होय. या महिन्यांत त्याच विषयासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फौजदारी गुन्हा हा आमच्या वाचकांच्या घरांत रोज निघणारा विषय नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी तो त्यांच्याशीं दोन बाजूंनीं येऊन भिडतो. एक तर सुशिक्षित घरांतील मुलगे आणि मुलीही आतां सैन्याकडे वळूं लागल्या आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत २०२२ सालापासून मुलींनाही प्रवेश मिळूं लागला आहे. दुसरें असें कीं, तालुक्याच्या गांवीं काय किंवा खेड्यांत काय, ज्या घरांत कोणी वकील, शिक्षक किंवा निवृत्त अधिकारी आहे, त्याच घराच्या ओसरीवर शेजारपाजारचे लोक कागद घेऊन येतात. फिर्याद कशी लिहावी, तींत कोणाकोणाचीं नांवें घालावीं, नोकरीच्या अर्जांतील अडचणीच्या प्रश्नास काय उत्तर द्यावें, हें तेथें विचारलें जातें. म्हणजे ज्या दोन प्रसंगीं तरुणाचें भवितव्य बिघडूं शकतें, त्या दोन्ही प्रसंगीं सल्ला बहुधा आपल्यासारख्यांचाच असतो.

सैन्याची ओढ या जिल्ह्यांत पोकळ नाहीं. सैलानी बाबांच्या दर्ग्यामुळें सर्वांस ठाऊक असलेल्या पिंपळगांव सराई येथील अक्षय लक्ष्मण गवते हे अग्निवीर २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं सियाचीनच्या बर्फांत कर्तव्यावर असतां मृत्यु पावले. अशा मोहिमेच्या क्षेत्रांत प्राण गमावणारे ते पहिले अग्निवीर होत. त्यापूर्वीं १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे ४० जवान मारले गेले, त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यांतील चोरपांग्रा येथील नितीन राठोड हे दोघे होते. ज्या गांवांनीं अशीं माणसें दिलीं, त्या गांवांतील मुलाचें नांव एखाद्या क्षुल्लक तंट्यामुळें यादींतून गळावें, ही हानि त्या एका घरापुरती राहत नाहीं.

आतां नांव कागदावर येतें कसें तें पाहूं. वऱ्हाडांत शेताच्या बांधास धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून होणारीं भांडणें तिकडे कोणास नवीन नाहींत. नांगराचें तास हातभर पलीकडे गेलें, धुऱ्यावरची बाभूळ कोणीं तोडली, गुरें कोणाच्या पिकांत शिरलीं, एवढ्यावरून भाऊबंद समोरासमोर उभे राहतात. तोंडांत शिव्या आणि हातांत काठी. क्षणभरांत कोणाचें तरी डोकें फुटतें. मग दोन्ही पक्ष ठाण्याकडे धांव घेतात. येथें एक वाईट चाल पडली आहे. ज्यानें मारलें त्याचेंच नांव न देतां त्याच्या घरांतील झाडून सगळ्या पुरुषांचीं, आणि कधीं कधीं बायकांचींही, नांवें फिर्यादींत घातलीं जातात. बाप, चुलता, थोरला, मधला, धाकटा. धाकटा त्या वेळीं शिकवणीच्या वर्गांत बसलेला असला तरी त्याचेंही नांव त्यांत असतेंच! उलट बाजूची फिर्यादही त्याच मासल्याची असते. वांटण्या होऊन चुली निराळ्या झाल्या तरी फिर्याद मात्र एकत्र कुटुंबावर होते.

नांवें वाढविण्यानें केवळ यादी लांबते असें नाहीं, गुन्ह्याचें स्वरूपच पालटतें. साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी यांस पूर्वीं भारतीय दंडविधानाचीं ३२३, ५०४ आणि ५०६ हीं कलमें लागत. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागीं भारतीय न्याय संहितेचीं ११५, ३५२ आणि ३५१ हीं कलमें आलीं आहेत. या प्रकारच्या साध्या तक्रारी बहुतेक अदखलपात्र असतात, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून पोलिसांस त्यांचा तपास करतां येत नाहीं. परंतु आरोपींची संख्या पांच झाली, कीं बेकायदेशीर जमावाचीं कलमें लागूं शकतात. आणि जमावांतील एकानें केलेल्या कृत्यास सारेच जबाबदार धरले जाऊं शकतात. चार नांवांत पांचवें नांव भरतांना लिहिणाराच्या मनांत केवळ "जरा जरब बसावी" एवढाच हेतु असतो. त्या पांचव्या नांवाचा मुलगा मात्र त्या दिवसापासून दखलपात्र गुन्ह्याचा आरोपी होतो.

असा मुलगा पुढें लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो, धांवण्यांत उतरतो, वैद्यकीय तपासणींतून पार पडतो, आणि मग चारित्र्याच्या कागदापाशीं येऊन थबकतो. पूर्वीं गांवच्या सरपंचाचा व शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला पुरेसा वाटे. आतां त्यांच्या जोडीला पोलिसांची पडताळणी सक्तीची आहे. ठाण्याठाण्यांतील नोंदी संगणकानें एकमेकांस जोडल्या गेल्या असल्यामुळें एका गांवची नोंद दुसऱ्या गांवीं लपत नाहीं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन-पत्रांत उमेदवारास विचारलें जातें कीं, तुम्हांस कधीं अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला भरला गेला होता काय, तुम्हांस स्थानबद्ध केलें होतें काय, जामीनकतबा लिहून घेतला होता काय, दंड किंवा शिक्षा झाली होती काय. केवळ शिक्षेविषयींच प्रश्न असतो अशी जी समजूत पुष्कळांची आहे, ती चुकीची आहे. अटक आणि खटला यांविषयींही तो स्पष्टपणें असतो.

सैन्यांत तर याहून कडक व्यवस्था आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या १३ व्या कलमाप्रमाणें भरती करणारा अधिकारी उमेदवारास सेवेच्या अटी वाचून व समजावून सांगतो, ठराविक प्रश्न विचारतो, आणि उत्तर घेण्यापूर्वींच ताकीद देतो कीं, खोटें उत्तर दिल्यास शिक्षा होईल. ही ताकीद पोकळ नाहीं. याच अधिनियमाच्या ४४ व्या कलमाखालीं भरतीच्या वेळीं जाणूनबुजून खोटें उत्तर देणाऱ्यास लष्करी न्यायालयाकडून पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. म्हणजे धुऱ्यावरच्या ज्या भांडणांत कदाचित् शंभर रुपये दंडही झाला नसता, तें लपविण्याच्या भरांत मुलगा पांच वर्षांच्या कैदेच्या कक्षेंत जाऊन उभा राहतो. आणि "नाहीं म्हणून लिही, कोण पाहतो?" हा उपदेश त्यास बहुधा घरांतील वडील माणसाकडूनच मिळालेला असतो.

तर मग पूर्वींचा गुन्हा असलेल्यास दार कायमचें बंद असतें काय? या प्रश्नाचें उत्तर सरसकट होय असेंही नाहीं आणि नाहीं असेंही नाहीं. खून, दरोडा, बलात्कार, फसवणूक अशा घोर किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यानें सैन्याची आशा धरूं नये. खटला चालूं असेल तर निकालापर्यंत बहुधा थांबावेंच लागतें. आणि भरतीचें वय कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु क्षुल्लक प्रकरणांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें कांहीं उदार तत्त्वें घालून दिलीं आहेत, तीं प्रत्येक घरीं ठाऊक असावीं असें आम्हांस वाटतें.

२०११ सालीं दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराचें प्रकरण त्या न्यायालयापुढें आलें. संदीपकुमार नांवाच्या या तरुणावर आणि त्याच्या घरच्या कांहीं माणसांवर मारामारीचा खटला झाला होता. पुढें तडजोड होऊन तो मिटला. अर्जांत त्यानें ही हकीकत दिली नव्हती, म्हणून त्याची निवड रद्द करण्यांत आली. न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. तरुण वयांत माणसाकडून अविचार घडतात, त्यांकडे क्षमेच्या दृष्टीनें पाहावें, जन्मभर त्याच्या कपाळीं गुन्हेगार हा शिक्का मारूं नये, असा त्या निकालाचा आशय आहे. पाव चोरल्यापायीं जन्मभर छळ सोसणाऱ्या, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरींतील ज्यां वालज्यां याचा दाखलाही न्यायमूर्तींनीं त्यांत दिला आहे. घरच्यांच्या भांडणांत सांपडलेल्या तरुणाचीच ही कथा होती, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पुढें २१ जुलै २०१६ रोजीं अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानें या विषयाचे नियम एकत्र गुंफले. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे. मात्र लपविलेली गोष्ट तरुणपणीं घोषणा देण्यासारखी किंवा तशीच क्षुल्लक असेल, तर अधिकाऱ्यास ती पोटांत घालतां येते. ज्यानें चालूं असलेला क्षुल्लक खटला स्वतः होऊन सांगितला, त्यास परिस्थिति पाहून घेतांही येतें. उलट, खरें सांगितलें म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असेंही नाहीं. पूर्ववृत्त पाहण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्यास राहतोच. घोर गुन्ह्यांतून केवळ तांत्रिक कारणामुळें किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस निष्कलंक ठरत नाहीं. आणि जें विचारलें नाहीं तें सांगितलें नाहीं म्हणून कोणास दोषी धरतां येत नाहीं. प्रश्न संदिग्ध नसून स्पष्ट असला पाहिजे.

परंतु या उदारपणावर कोणीं फाजील भरंवसा ठेवूं नये. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं सतीशचंद्र यादव यांच्या प्रकरणांत, केंद्रीय राखीव पोलीस दलांतील ज्या जवानांनीं खटल्याची हकीकत दडविली होती त्यांचीं अपिलें त्याच न्यायालयानें फेटाळलीं. हीं सारीं प्रकरणें पोलीस व निमलष्करी दलांतील आहेत, आणि प्रत्यक्ष सैन्याची शिस्त त्यांहून सैल असण्याचा संभव नाहीं. या सर्वांचें सार आमच्या मतें एवढेंच कीं, लहानशी चूक कायदा बहुधा विसरावयास तयार असतो, खोटें उत्तर विसरावयास मात्र तो क्वचितच तयार होतो.

याविषयीं घरोघर कांहीं चुकीच्या समजुती रुजल्या आहेत. "प्रकरण मिटलें" ही त्यांतील पहिली. गांवच्या बैठकींत दोन्ही पक्षांनीं हात मिळविले, चहा घेतला, म्हणजे प्रकरण मिटलें असें लोक समजतात. पण ठाण्यांतील नोंद त्यामुळें पुसली जात नाहीं. तडजोडयोग्य गुन्हा असेल तर ती तडजोड न्यायालयापुढें नोंदवावी लागते, आणि मगच तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा होतो. जे गुन्हे तडजोडयोग्य नाहींत पण खासगी भांडणांतून उद्भवले आहेत, त्यांची नोंद रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास आहे. बुलढाणा जिल्ह्यासाठीं तें नागपूरचें खंडपीठ होय. दुसरी समजूत अशी कीं, जामीन झाला म्हणजे सुटका झाली. जामीन हा खटल्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. तिसरी समजूत अशी कीं, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून दिलेल्यास कांहींच सांगावें लागत नाहीं. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचें १२ वें कलम दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता दूर करतें हें खरें. पण खटला झालाच नव्हता असें लिहिण्याची मोकळीक तें देत नाहीं.

मात्र एका बाबतींत कायदा खरोखरच पाटी पुसून टाकतो, आणि ती बाब पालकांस फारशी ठाऊक नसते. अग्निवीर होण्याचें किमान वय साडेसतरा वर्षांचें आहे. म्हणजे भरतीस निघालेल्या मुलाच्या हातून जें कांहीं घडलें असेल, तें पुष्कळदां अठराव्या वर्षाच्या आंतलें असतें. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या २४ व्या कलमाप्रमाणें अशा वयांतील अपराधामुळें कोणतीही अपात्रता चिकटत नाहीं, आणि संबंधित कागदपत्रें ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याची त्यांत तरतूद आहे. निकालांत निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती चारित्र्याच्या दाखल्यासाठीं पोलिसांनीं देऊं नये, असेंही ७४ वें कलम सांगतें. अपवाद एकच : सोळा वर्षांवरील मुलानें निर्घृण गुन्हा केला आणि बालन्यायालयानें त्यास प्रौढाप्रमाणें दोषी ठरविलें, तर ही सवलत मिळत नाहीं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलांतील रमेश बिष्णोई यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं याच तत्त्वाचा आधार घेतला. तेव्हां मुलाच्या नांवानें नोंद झाली असल्यास घटनेच्या दिवशीं त्याचें वय काय होतें, हें सर्वांआधीं पाहावें. शाळेचा जन्मतारखेचा दाखला अशा वेळीं वकिलाच्या युक्तिवादाहून अधिक मोलाचा ठरतो.

भांडणाप्रमाणेंच चळवळीमुळेंही नांव कागदावर येतें. १४ जून २०२२ रोजीं अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तिच्या विरोधांत बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण इत्यादि प्रांतांत तरुण रस्त्यावर उतरले. १७ जून रोजीं सिकंदराबाद स्थानकांत गाड्या जाळल्या गेल्या व पोलिसांच्या गोळीबारांत एक तरुण मृत्यु पावला. दोनच दिवसांनीं सैन्यातर्फे लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनीं जाहीर केलें कीं, आपण त्या दंगलींत नव्हतों असें प्रत्येक उमेदवारानें लिहून द्यावें लागेल, पोलिसांची पडताळणी होईल, आणि ज्यांच्यावर गुन्हा नोंदला असेल त्यांस सैन्यांत येतां येणार नाहीं. सैन्यांत जाण्यासाठींच जे रस्त्यावर आले होते, त्यांतील कित्येकांची वाट त्या रस्त्यावरच संपली.

आपल्याकडेही ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं बुलढाण्यांत कापूस, सोयाबीन व पीकविमा यांच्या प्रश्नावर आंदोलन होऊन लाठीमार झाला आणि शेतकरी नेते रविकांत तुपकर यांस सहकाऱ्यांसह अटक झाली. मराठा आरक्षणाच्या चळवळींत तरुणांवरील गुन्हे मागें घ्यावे ही एक प्रमुख मागणी होती, तिचें कारणही हेंच. चळवळ करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. अन्यायाविरुद्ध शांतपणें उभें राहणें हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु पुढाऱ्यास अटक होणें आणि भरतीच्या तोंडावर असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरास अटक होणें, या दोहोंची किंमत सारखी नसते. आणि सभेंत "सर्व गुन्हे मागें घेतले" असें जाहीर झालें म्हणजे ते गेले असेंही नाहीं. सरकारी वकिलानें न्यायालयाची संमति मिळविल्यावरच खटला मागें घेतां येतो. ती संमति मिळाल्याचा कागद हातीं येईपर्यंत गुन्हा जिवंत समजावा.

सैन्य इतकें कडक कां, असें कोणी विचारील. ज्याच्या हातीं बंदूक द्यावयाची, ज्याच्या पहाऱ्यावर सोबत्यांनीं निर्धास्त झोंपावयाचें, त्याच्या शब्दावर भरंवसा ठेवतां आलाच पाहिजे. २०२२ सालीं रशियांतील वाग्नर या खासगी लष्करानें तुरुंगांतील कैद्यांस माफीचें आमिष दाखवून युक्रेनच्या रणांगणावर नेलें. माणसास केवळ तोफेचें भक्ष्य समजणारी ती रीत कोणी अनुकरणीय म्हणणार नाहीं. उलट ब्रिटनमध्यें १९७४ च्या कायद्यानें, बहुतेक लहानमोठ्या शिक्षा ठराविक वर्षें सरळ वर्तनानें काढल्यावर कालबाह्य मानल्या जातात. आपल्याकडे प्रौढांसाठीं असा सर्वसाधारण कायदा नाहीं. तो असावा असें आमचें मत आहे; विसाव्या वर्षींची एक काठी चाळिसाव्या वर्षापर्यंत माणसाचा पाठलाग करीत राहावी, यांत समाजाचें हित नाहीं.

चारित्र्याच्या दाखल्याचा प्रश्न निघाला असतां आणखी एका गोष्टीचें स्मरण ठेवणें न्यायाचें होईल. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, आणि त्याच सरकारनें दुसरीकडे कांहीं जातींस लढाऊ म्हणून सैन्यासाठीं निवडलें. एकाच देशांतील मुलांचें पूर्ववृत्त तीं जन्मण्यापूर्वींच लिहून ठेविलें गेलें! तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण पारध्याच्या मुलाकडे पाहतांना गांवाची नजर अजून बदललेली नाहीं; चोरी झाली कीं पहिला संशय त्याच्याच तांड्यावर जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदासंबंधींच्या निकालांत या जमातींवरील त्या जुन्या शिक्क्याचीही दखल घेतली आहे. आपल्या मुलाचें नांव एकदां कागदावर आलें तर आपण हवालदिल होतों; ज्यांचें नांव पिढ्यान्‌पिढ्या केवळ संशयानें लिहिलें गेलें, त्यांच्या मुलानें भरतीच्या रांगेंत कोणत्या मनानें उभें राहावें, याचा विचार सुशिक्षितांनीं अवश्य करावा.

आतां घरच्या वडील मंडळींनीं काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. बांधाचा तंटा असल्यास काठीऐवजीं मोजणीचा अर्ज करावा, आणि त्या दिवशीं घरांतील तरुणांस शेतावर नेऊं नये. "चार माणसें असलीं म्हणजे वजन पडतें" हा हिशेब फार महागांत पडतो. तरीही गुन्हा नोंदला गेलाच, तर त्याची प्रत लगेच मिळवावी. नाजूक प्रकरणें वगळतां ती पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेविली जावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ सालचा आदेश आहे. मुलगा घटनास्थळीं नव्हता याचे पुरावे, जसें वर्गाचा हजेरीपट किंवा परीक्षेचें प्रवेशपत्र, ताजे असतांनाच जपून ठेवावे व तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास लेखी द्यावे. खटल्याचा निकाल लागल्यावर निकालपत्राची प्रमाणित नक्कल घेऊन ठेवावी. भरतीचा अर्ज भरतांना प्रत्येक प्रश्न दोनदां वाचावा; जें विचारलें आहे तें पूर्ण व खरें लिहावें आणि सोबत निकालाची नक्कल जोडावी. असें केल्यानें नोकरी मिळेलच असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. पण खरें सांगून नाकारला गेलेला मुलगा दुसऱ्या दारीं ताठ मानेनें उभा राहूं शकतो. खोटें सांगून काढून टाकलेल्याच्या मागें तें खोटें प्रत्येक दारापर्यंत जातें.

फिर्यादीच्या बाजूनेंही एक शब्द सांगितला पाहिजे. आपल्या ओसरीवर कोणी डोकें फोडून घेऊन आला, तर त्याची फिर्याद अवश्य लिहून द्यावी. न्याय मागणें हा त्याचा हक्क आहे. परंतु लिहितांना त्यास विचारावें, "काठी प्रत्यक्ष कोणीं मारली? तिथें कोण कोण उभें होतें?" जेवढीं नांवें खरीं तेवढींच लिहावीं. खोटा आरोप करणें हा कायद्यानें स्वतंत्र गुन्हा आहे, हेंही त्यास सांगावें. तो रागावला तर रागावूं द्यावा. शेजारच्या घरांतील ज्या मुलास आपण लहानपणीं बाराखडी गिरवितांना पाहिलें, त्याचें नांव केवळ त्याच्या बापावरील रागापायीं लिहून देणाऱ्या हातानें शिक्षणाचा कोणता उपयोग केला?

घरांत मुलगा सैन्यांत जाण्याचें म्हणूं लागला, कीं आई त्याच्या जिवाच्या काळजीनें व्याकूळ होते आणि वडील त्याच्या पगाराचा व निवृत्तीचा हिशेब मांडूं लागतात. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. त्यांच्याआधीं आणखी एक गोष्ट व्हावी अशी आमची सूचना आहे. घरांतील सर्व मोठ्या माणसांनीं एकत्र बसून एवढेंच ठरवावें कीं, आपल्या भांडणांत या मुलास ओढावयाचें नाहीं, दुसऱ्याच्या मुलास आपल्या फिर्यादींत ओढावयाचें नाहीं, आणि अर्जावर खोटें लिही असें कोणीही त्यास सांगावयाचें नाहीं. धांवण्याचा सराव मुलगा स्वतः करील. हा सराव मात्र वडील माणसांनींच केला पाहिजे.